एक्सेलच्या शीटमध्ये ट्यूमर वाढवून बघा: किमो, गॅप आणि रेझिस्टन्स समजून घ्यायची एक घरगुती पद्धत

मागच्या वर्षी मावशीची किमो चालू होती. दुसऱ्या डोसनंतरच्या सोनोग्राफीत गाठ दिसलीच नाही आणि घरात सगळ्यांना एवढा आनंद झाला की विचारू नका. दुसऱ्या दिवशी तिचा फोन, "अगं गाठ गेली ना, मग अजून चार डोस कशाला? केस गेले, तोंड आलंय, जेवण जात नाही, आता बास की." मी ज्युनियर कॉलेजला गणित शिकवते, डॉक्टर नाही, पण तिला नुसतं "डॉक्टर सांगतात ते ऐक" म्हणायला जीभ रेटेना. त्या रात्री लॅपटॉप उघडून एक शीट बनवली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या पलंगावर बसून तिला दाखवली. तीच शीट कशी बनवायची ते इथे लिहितेय. बारावीचं लॉगॅरिदम आठवत असेल तर पुरे, नसेल आठवत तरी जमेल, मावशी सातवी शिकलीय आणि तिला समजलं.

एक गोष्ट आधीच आणि अगदी मनापासून सांगते, ही शीट तुमच्या पेशंटचं भविष्य सांगत नाही. डोस कधी घ्यायचा, थांबवायचा का, हे यातून ठरवायचं नाही. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यात नेमकं काय विचारायचं आणि डॉक्टर जे सांगतात त्यामागे काय हिशोब असतो, ते कळावं एवढ्यासाठीच ही.

आधी दुपटीचा खेळ. गूगल शीट्स किंवा एक्सेल उघडा, पहिल्या खान्यात १ लिहा, खालच्यात वरच्याची दुप्पट, आणि ४० ओळी खाली ओढा. १० दुपटींनंतर १०२४ पेशी, २० नंतर साधारण १० लाख, ३० नंतर १०७ कोटी, ४० नंतर १ लाख कोटीच्या वर. आता यात जीव येतो तो इथे: १ घन सेंटीमीटर, म्हणजे लहान बोराएवढी, साधारण १ ग्रॅमची गाठ म्हणजे ढोबळमानाने १०० कोटी पेशी धरतात (काही जण १० कोटीच धरतात, त्याने तीनेक दुपटींचा फरक पडतो, गोष्ट तीच राहते). आणि १ लाख कोटी पेशी म्हणजे किलोभर ट्यूमर, जो बहुतेक वेळा जीवघेणा. म्हणजे हाताला लागेल एवढी गाठ होईपर्यंत ४० पैकी ३० दुपटी होऊन गेलेल्या असतात. "सहा महिन्यांपूर्वी काहीच नव्हतं, अचानक आलं" असं आपण म्हणतो ना, ते अचानक नसतं, आपल्याला दिसायला लागण्याआधी तिचा बहुतेक प्रवास झालेला असतो. मावशी स्वतःला दोष देत होती की मी आधी का नाही दाखवलं, तिला हा कॉलम दाखवल्यावर ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, म्हणजे मला कळणारच नव्हतं तेव्हा.

याच कॉलमचा एक ग्राफ काढून बघा. साध्या स्केलवर रेषा तळाशी झोपलेली दिसेल आणि शेवटी एकदम उभी राहील. मग उभा अक्ष लॉग स्केलवर करा, सेटिंगमध्ये एक टिक असते फक्त, आणि तीच रेषा सरळ चढताना दिसेल. पुढचं सगळं आपण लॉगमध्येच करणार आहोत, म्हणजे पेशींच्या आकड्यात एकावर किती शून्यं आहेत तेवढंच लिहायचं. १०० कोटी म्हणजे ९. १ लाख कोटी म्हणजे १२. एक पेशी म्हणजे ०.

इथेच रिपोर्ट वाचायची एक युक्ती सांगते, ही खूप कामाची आहे. रिपोर्टमध्ये व्यास लिहितात, पेशी मात्र घनफळात असतात. घनफळ दुप्पट झालं तरी व्यास फक्त १.२६ पट होतो. २ सेंटीमीटरची गाठ २.५ झाली तर ऐकायला किरकोळ वाटतं, पण २.५ भागिले २, त्याचा घन केला की १.९५ येतं, म्हणजे गाठ जवळपास दुप्पट झाली. दुपटीचा काळ काढायचा असेल तर दोन स्कॅनमधले दिवस गुणिले ०.६९३, भागिले घनफळांच्या गुणोत्तराचा नॅचरल लॉग. वरच्या उदाहरणात स्कॅन ९० दिवसांच्या अंतराने असतील तर ९३ दिवस येतात. पण जपून हां, मोजणाऱ्याच्या हातात २ मिलिमीटर इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं आहे, आणि २ चे २.२ झाले तरी घनफळ ३३ टक्क्यांनी वाढलेलं दिसतं, म्हणून दोन स्कॅनवरून काढलेला दुपटीचा काळ कधीही एक आकडा म्हणून धरू नका. उलट्या बाजूनेही बघा, व्यास ३० टक्क्यांनी कमी झाला की रिपोर्टमध्ये आंशिक प्रतिसाद म्हणतात, तेव्हा घनफळ साधारण एक तृतीयांश उरलेलं असतं, ऐकायला केवढं मोठं, पण लॉगमध्ये ते अर्ध्यापेक्षाही कमी उतरणं आहे, ९ वरून ८.५४ वर.

आता खरा ट्यूमर कायम त्याच वेगाने दुप्पट होत नाही. मोठा झाला की आत रक्त पोचत नाही, जागा आणि ऑक्सिजन कमी पडतं आणि वाढ मंदावते. यासाठी जे समीकरण खूप वापरलं जातं ते गोम्पर्ट्झचं. बेंजामिन गोम्पर्ट्झ हा लंडनचा विमा-गणिती, १८२५ मध्ये त्याने माणसं कोणत्या वयात किती मरतात याचा नियम मांडला, कॅन्सरशी त्याचा काही संबंधच नव्हता. पुढे १९६४ मध्ये ॲना लेअर्ड यांनी प्राण्यांमधल्या ट्यूमरच्या वाढीच्या आकड्यांना तेच समीकरण लावलं आणि ते बसलं. मला ही गोष्ट फार आवडते, विम्याच्या हप्त्यासाठी काढलेलं गणित १४० वर्षांनी ट्यूमरला उपयोगी पडतंय.

लॉगमध्ये लिहिलं की गोम्पर्ट्झ इतकं सोपं होतं की विश्वास बसणार नाही. दर आठवड्याला ट्यूमर, कमाल मर्यादेपर्यंत जेवढं अंतर उरलंय त्याचा ठराविक हिस्सा पुढे सरकतो. बास एवढंच. नवीन शीट घ्या, ए कॉलममध्ये आठवडे, बी मध्ये ट्यूमरचा लॉग. एच१ मध्ये ०.०२ लिहा, हा वेग, आणि एच२ मध्ये १२, ही मर्यादा. बी२ मध्ये ० लिहा, म्हणजे एक पेशी. बी३ मध्ये सूत्र (कॉलमची अक्षरं आणि आकडे अर्थात इंग्रजीत टाईप करायचे):

=बी२+$एच$१*($एच$२-बी२)

आणि खाली ओढा. ६९ व्या आठवड्याच्या आसपास ९ येईल, १२३ व्याला ११. आता मधे थांबून दुपटीला किती वेळ लागतो ते बघा, लॉगमध्ये दुप्पट म्हणजे ०.३ ची वाढ. ट्यूमर ६ वर असताना दुपटीला अडीच आठवडे, ९ वर असताना ५ आठवडे, ११ वर असताना १५ आठवडे. म्हणजे लहान ट्यूमर स्वतःच्या आकाराच्या मानाने जास्त जोरात वाढतो. हे वाक्य डोक्यात पक्कं ठेवा, किमोचं पुढचं सगळं यावरच उभं आहे.

(०.०२ आणि १२ हे आकडे मी शिकायला म्हणून सोयीचे घेतलेत. बर्किट लिम्फोमासारखा कॅन्सर काही दिवसांत दुप्पट होतो, प्रोस्टेटचे काही वर्षानुवर्षं रेंगाळतात. प्रत्येकाचा वेग वेगळा.)

आता किमो घालू. १९६० च्या दशकात अमेरिकेत अलाबामामध्ये हॉवर्ड स्किपर आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवर काम करत होते. त्यांना दिसलं की औषधाचा एक डोस ठराविक संख्येने पेशी मारत नाही, ठराविक टक्के मारतो. १०० कोटीपैकी ९९ टक्के मेल्या तर १ कोटी उरतात, त्या १ कोटीवर तोच डोस दिला तर परत ९९ टक्केच मरतात, १ लाख उरतात. लॉगमध्ये म्हणजे प्रत्येक डोसला वजा २. आणि उंदरात एक जरी पेशी उरली तरी आजार परत येऊन उंदीर मरतो हेही त्यांनी दाखवलं होतं, म्हणून शून्याच्याही खाली जायचं.

शीटमध्ये सी कॉलमला डोस नाव द्या. बी२ मध्ये आता ७ लिहा, म्हणजे ९ वर असलेल्या ट्यूमरला आठवडा शून्यला पहिला डोस दिला. सी मध्ये ३, ६, ९, १२, १५ या आठवड्यांपुढे २ लिहा आणि बी३ चं सूत्र असं करा:

=बी२+$एच$१*($एच$२-बी२)-सी३

खाली ओढा आणि करवतीच्या दात्यांसारखा ग्राफ येईल, खाली, थोडं वर, परत खाली. प्रत्येक डोसनंतर आकडे साधारण असे: ७, ५.२९, ३.६९, २.१८, ०.७५ आणि सहाव्यानंतर उणे ०.५८.

मावशीचं उत्तर इथे आहे. पहिल्या डोसनंतरच ७, म्हणजे १ कोटी पेशी, एकत्र असतील तर जेमतेम पावणेतीन मिलिमीटर, सोनोग्राफीत सुटून जाईल अशी. दुसऱ्या डोसनंतर सुमारे २ लाख पेशी, त्या तर कुठल्याच मशीनला दिसणार नाहीत. गाठ "गेली", पण लॉगच्या जिन्यावर ९ पैकी चारएक पायऱ्याच उतरलोय. आता सी कॉलममधले पुढचे चारही डोस पुसून टाका आणि खाली बघत जा, शेवटच्या डोसनंतर ४० आठवड्यांनी ट्यूमर परत ९ वर. मी तिला माउस दिला आणि म्हटलं तूच पूस. तिने पुसले, खाली स्क्रोल केलं, ९ दिसल्यावर एकेक करून सगळे २ परत टाईप केले. मी काहीच बोलले नाही.

उणे ०.५८ पेशी म्हणजे काय, हा प्रश्न पडलाच पाहिजे. १० चा उणे ०.५८ घात म्हणजे ०.२६. अर्धी-पाव पेशी नसते, तर याचा अर्थ सरासरी, अशा १०० पेशंटमध्ये मिळून २६ पेशी. एकाही पेशीशिवाय सुटायची शक्यता काढायला ई चा (कॉलम नव्हे, गणितातला २.७१८ हा आकडा) उणे ०.२६ घात घ्यायचा, ०.७७, म्हणजे ७७ टक्के. आता डोस तेवढेच, औषध तेच, फक्त गॅप तीनऐवजी दोन आठवड्यांचा करा, सी मध्ये २, ४, ६, ८, १० ला टाका. सहाव्यानंतर उणे १.३२ येतं आणि शक्यता ९५ टक्के. का, तर मधल्या गॅपमध्ये उरलेल्या पेशींना वाढायला कमी वेळ मिळाला, आणि लहान ट्यूमर मानाने जोरात वाढतो म्हणून तो एक आठवडा महागात पडतो.

हे नुसतं शीटमधलं नाही. लॅरी नॉर्टन आणि रिचर्ड सायमन यांनी १९७७ मध्ये गोम्पर्ट्झवरूनच हा विचार मांडला होता आणि पुढे अमेरिकेत काखेतल्या गाठींपर्यंत पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या एकूण २,००५ बायकांवर मोठी ट्रायल झाली, तीच औषधं काहींना दर तीन आठवड्यांनी, काहींना दर दोन आठवड्यांनी. निकाल २००३ मध्ये आला, चार वर्षांनी आजार परत न आलेल्या बायका दोन आठवडेवाल्या गटात ८२ टक्के, तीनवाल्यात ७५ टक्के. ते शक्य झालं कारण पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन आलं होतं, नाहीतर दोन आठवड्यांत शरीर सावरत नाही. ज्यांच्या घरी किमो झालीय त्यांना ते इंजेक्शन आणि त्यानंतरची हाडदुखी माहीत असेल. ते कशासाठी असतं ते असं गणितातून कळलं की दुखणं कमी होत नाही पण निदान फुकट वाटत नाही.

आता एच१ मध्ये ०.०२ च्या जागी ०.०३ टाका. तीन आठवड्यांच्या गॅपने सहाव्या डोसनंतर ०.४३ येतं आणि ती ७७ टक्क्यांची शक्यता धाडकन ७ टक्क्यांवर येते! दोन आठवड्यांच्या गॅपने ७७. एवढासा वेग बदलला आणि आकडा कुठल्या कुठे गेला, आणि आपल्या माणसाचा वेग ०.०२ आहे की ०.०३ हे दोन-तीन स्कॅनवरून कोणालाही सांगता येत नाही. म्हणून टक्के लिहून घेऊन कोणाला सांगू नका, प्लीज. पण दिशा बघा, दोन्ही वेळा कमी गॅपच बरा ठरला. मॉडेल वापरायची माझी पद्धत हीच आहे, प्रत्येक आकडा थोडा वरखाली करून बघायचा, आणि तरीही जे टिकतं तेवढंच खरं मानायचं. विद्यार्थ्यांनी प्रोजेक्ट करताना तर हे करायलाच हवं, तीन बिंदूंवर तीन अज्ञातं बसवून "मॉडेल परफेक्ट फिट झालं" म्हणणारे रिपोर्ट मी बघितलेत, तीन बिंदूंतून काहीही परफेक्ट जातं.

पुढे रेझिस्टन्स, जिथे खरं दुःख आहे. १९७९ मध्ये गोल्डी आणि कोल्डमन यांनी मांडलं की औषधाला दाद न देणाऱ्या पेशी औषध सुरू व्हायच्या आधीच ट्यूमरमध्ये असू शकतात, पेशी विभागताना होणाऱ्या चुकांमधून. समजा १० लाखांत एक अशी चूक, तर १०० कोटी पेशींत किमान हजारेक दाद न देणाऱ्या, लॉगमध्ये ३. दोन वेगवेगळ्या पद्धतीने काम करणारी औषधं एकत्र दिली तर दोन्हींतून सुटणारी पेशी लाख कोटीत एक, म्हणून किमोची औषधं जोडीने नाहीतर तिघाचौघांची टीम करून देतात.

शीटमध्ये डी कॉलम दाद न देणाऱ्यांचा, डी२ मध्ये ३. ई कॉलम एकूण: =लॉग१०(१०^बी२+१०^डी२). सूत्रांमध्ये कंसातला बी२ काढून ई२ घाला कारण जागा आणि ऑक्सिजन सगळ्यांचं मिळून एकच आहे, आणि डी चं सूत्र बी सारखंच (सुरुवातीच्या बी२ च्या जागी डी२), फक्त त्यात डोस वजा करू नका. एच१ परत ०.०२. सहा डोस तीन आठवड्यांनी. काय दिसतं बघा, तिसऱ्या डोसला दोन्ही कॉलम बरोबरीला येतात, पुढचे तीन डोस ज्या पेशी मारतायत त्यांना काही अर्थच उरलेला नाही, सहाव्या डोसला दाद न देणाऱ्या लाखभर, आणि त्यानंतर ४२ आठवड्यांनी ट्यूमर परत ९ वर, या वेळी सगळाच्या सगळा न ऐकणारा. "पहिल्यांदा किती छान रिस्पॉन्स होता, मग दुसऱ्यांदा तेच औषध का नाही चाललं" याचं हे चित्र. पेशंटची इच्छाशक्ती कमी पडली, पथ्य चुकलं, असलं काही बोलणाऱ्या नातेवाइकांना हा कॉलम दाखवा, मी खरंच दाखवलाय.

यातून एक वेगळा विचार निघाला. ट्यूमर भरलेला असताना, समजा एकूण ११.५, दाद न देणाऱ्या पेशी आठवड्याला फक्त ०.०१ सरकतात, दुपटीला ३० आठवडे. बाकीच्या मारून एकूण ५ वर आणलं की त्याच पेशी आठवड्याला ०.१४ सरकतात, दोनेक आठवड्यांत दुप्पट. गवत काढून वावर मोकळं केलं आणि त्यात नेमकं फवारणीला न मरणारं तणच माजलं, शेतकऱ्याला हे सांगायला लागत नाही. फ्लोरिडातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरचे रॉबर्ट गेटनबी आणि सहकाऱ्यांनी पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये हेच वापरून बघितलं, २०१७ मध्ये ११ पुरुषांवरचे निष्कर्ष छापले. पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरसाठी रक्तात मोजतात तो आकडा) सुरुवातीच्या निम्म्यावर आला की अबिराटेरोन हे औषध बंद, परत मूळ आकड्यावर गेला की चालू. औषध निम्म्यापेक्षा कमी लागलं आणि आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. पण ट्रायल छोटी होती, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, आणि मुख्य म्हणजे हा विचार जिथे पूर्ण बरं होणं शक्य नाही अशा स्टेजसाठी आहे. मावशीसारख्या केसमध्ये, जिथे शेवटची पेशी संपवायची आशा आहे, तिथे औषध मधेच थांबवणं म्हणजे तो पुसलेला सी कॉलम. तुमच्या शीटमध्ये खेळा, गोळ्यांशी खेळू नका.

रेडिएशनचं थोडक्यात सांगते, त्याला लॉगची शीटही लागत नाही. परिणाम = एकूण डोस × (१ + एका वेळचा डोस ÷ पेशींचा गुणांक). गुणांक बऱ्याच ट्यूमरसाठी १० च्या आसपास धरतात, ब्रेस्टसाठी आणि हळू त्रास दाखवणाऱ्या निरोगी भागांसाठी ३-४ च्या. ४० ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) १५ दिवसांत विभागून दिले तर ३ गुणांकाने ७५.६ येतं, आणि २६ ग्रे ५ दिवसांत दिले तर ७१.१. बघा, २६ आणि ४० मधला फरक केवढा वाटतो आणि परिणाम किती जवळ. ब्रिटनमधल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या मोठ्या ट्रायलचा पाच वर्षांचा निकाल २०२० मध्ये आला आणि या ५ दिवसांच्या कोर्समध्ये आजार परत यायचं प्रमाण ३ आठवड्यांच्या कोर्सपेक्षा जास्त नव्हतं. गावाहून येऊन मुंबईत खोली घेऊन राहणाऱ्या माणसाला ३ आठवडे आणि १ आठवडा यात काय फरक आहे ते मी वेगळं सांगायला नको. प्रत्येकाला हा कोर्स चालतोच असं नाही, पण विचारता येतं.

या शीटमध्ये नसलेलंही बरंच आहे, प्रतिकारशक्ती, नवीन रक्तवाहिन्या, दुसऱ्या अवयवात पसरणं, आणि डोस सोसणारं शरीर. शेवटचं तर मुद्दाम आठवा, कारण शीटमध्ये सी कॉलमला २ च्या जागी ४ लिहायला काहीच लागत नाही, माणसाच्या बोन मॅरोला लागतं.

आम्ही शीट बंद करून एका वहीत चार प्रश्न लिहिले आणि पुढच्या ओपीडीला नेले. या औषधांची जोडी का निवडली? गॅप दोनचा की तीनचा, आणि का? काउंट कमी आले म्हणून डोस पुढे गेला तर पांढऱ्या पेशींचं इंजेक्शन देऊन वेळ पाळता येईल का? रेडिएशनचा छोटा कोर्स हिला चालेल का? डॉक्टरांनी चारही प्रश्नांना नीट उत्तरं दिली, चौथ्याला हो म्हणाले, आणि मावशीने वहीत स्वतःच्या हाताने पुढच्या डोसची तारीख लिहिली.